अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

सकाळी ६.३०

कुहीच्या बसस्थानकावर माय-लेकी नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभ्या आहेत. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेसात. आज नागपूरला तिची लेझरपूर्व तपासणी आहे. तिच्या सातवीपासूनचे सगळे चष्मे माझ्याच दुकानातून गेलेले, म्हणून गाडी लागण्याआधी भेटायला आलो.

तीन गोष्टी पुन्हा विचारून घेतो. कॉन्टॅक्ट लेन्स शेवटची कधी घातली? पंधरा दिवस झाले, ती म्हणते. ठीक. मऊ लेन्सनेसुद्धा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार थोडा बदलतो. ती आठवडा-दोन आठवडे बंद ठेवली नाही तर मोजमाप चुकतं. जुन्या नंबरांचे कागद? तीन वर्षांची कार्डं मी काल काढून दिली होती, ती पिशवीत आहेत. वर्षभरात नंबर हललेला नाही, हे डॉक्टरांना कागदावर दिसायला हवं. गॉगल? घेतला. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकले की काही तास ऊन सोसत नाही आणि जवळचं वाचता येत नाही. एकट्याने जायची ही तपासणी नव्हे.

"डोळा भाजन तं नाही ना जी?" आई हळूच विचारतात.

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि तो रास्त आहे. लेझर म्हटलं की लोखंड कापणारा किरण डोळ्यांपुढे येतो. चष्म्याचा नंबर घालवणारा एक्सायमर लेझर मात्र भाजत नाही. तो १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण असतो. पेशीजालातले रासायनिक बंध तो तोडतो आणि एका ठोक्याला मिलिमीटरचा सुमारे चार हजारावा भाग उडवतो. बाजूच्या भागाला आच लागत नाही. हे पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत आपल्या मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा श्रीनिवासन यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर हा किरण सोडला. कड स्वच्छ निघाली, कुठे करपली नाही. पुढे १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हाच किरण कॉर्नियासाठी वापरता येईल असं दाखवलं.

बसस्थानकावर मी एवढंच म्हणतो, "नाही काकू, भाजत नाही. पण आज लेझर नाहीच, आज फक्त मोजणी आहे. मोजणीतच सगळं ठरते."

गाडी लागते. नागपूर इथून ४० किलोमीटरच्या आसपास.

सकाळी ९.००

दुकानाचं शटर वर करून आधी आरसा पुसतो. तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो आणि माझी खोली जेमतेम तीन मीटरची. म्हणून तक्ता डोक्यामागे आणि आरसा समोर, असा सहाचा हिशेब जुळवला आहे.

आरशाशेजारी मी हाताने लिहिलेला एक पुठ्ठा टांगलेला आहे. तरुण मुलं मोबाइलवरची जाहिरात दाखवून विचारतात, "यातलं बेस्ट कोणतं?" त्यांना मी आधी तो पुठ्ठा वाचायला लावतो. त्यावर चार वाटा लिहिल्या आहेत.

पहिली, पृष्ठभागावरची पद्धत, पीआरके. कॉर्नियावरची सर्वांत वरची नाजूक साल काढायची, लेझरने खालचा भाग घडवायचा आणि वर पट्टीसारखी मऊ लेन्स बसवायची. साल तीन ते पाच दिवसांत पुन्हा उगवते. तेवढे दिवस डोळा दुखतो, पाणी येतं, आणि नजर स्थिरावायला आठवडे लागतात. लेझरची ही सर्वांत जुनी वाट.

दुसरी, लॅसिक. पोळीचा पापुद्रा उचलावा तसा कॉर्नियाचा पातळ थर एका बाजूने जोडलेला ठेवून उचलायचा, खाली लेझर चालवायचा, पापुद्रा परत बसवायचा. पूर्वी तो पात्याने कापत, आता बऱ्याच ठिकाणी फेम्टोसेकंद लेझरने कापतात. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्वच्छ दिसतं. पण पापुद्रा काही काळ जपावा लागतो आणि कोरडेपणा काही महिने राहू शकतो.

तिसरी, स्माइल. यात पापुद्रा नाही. कॉर्नियाच्या आतच लेझरने एक चपटी चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्या छेदातून ओढून काढतात. ही मुख्यतः उणे नंबरासाठी.

चौथी, आयसीएल. यात कॉर्निया घडवायचा नाही. डोळ्याच्या आत, रंगीत पडद्यामागे आणि नैसर्गिक भिंगापुढे, एक मऊ भिंग बसवायचं. ते पुढे काढताही येतं. पण ही डोळ्याच्या आत शिरून केलेली शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग, दाब वाढणं, लवकर मोतीबिंदू होणं, हे धोके थोडे असले तरी आहेत.

खाली जाड अक्षरांत एक ओळ आहे: पहिल्या तिन्ही वाटांत कॉर्नियाचा काही भाग कायमचा जातो. तो परत बसवता येत नाही.

सकाळी १०.३०

कॉलेजात शिकणारा एक मुलगा येतो. नंबर उणे पावणेदोन. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीची तयारी करतो आहे.

"काका, लेझर करून घेतो. मंग सहा बाय सहा येईन ना?"

येईल, बहुधा येईल. अडचण वेगळीच आहे. मी त्याला समोर बसवतो आणि भरतीच्या जाहिरातीतला वैद्यकीय पात्रतेचा भाग त्याच्याच मोबाइलवर उघडायला सांगतो. लोको पायलटची श्रेणी ए-१. दोन्ही डोळ्यांना चष्म्याशिवाय ६/६ हवं. आणि त्याच जाहिरातीत पुढे लिहिलेलं असतं की लॅसिक किंवा नंबर घालवणारी दुसरी कुठली शस्त्रक्रिया झालेला उमेदवार या पदाला अपात्र. तो ओळ दोनदा वाचतो. मान खाली जाते.

त्याचं मन मला कळतं. इतवारी-नागभीडची छोटी गाडी कुहीवरूनच जायची. २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली तेव्हा हा मुलगा शाळेत होता. त्या इंजिनाकडे पाहतच तो मोठा झाला. घरच्यांनी लेझरसाठी पैसे जमवले आहेत. आज कुणी सांगितलं नसतं तर पैसे गेले असते, आणि ज्या कामासाठी ते गेले त्याच कामाचा दरवाजा बंद झाला असता. "कोणाला कळणार?" असं तो विचारतो. कळतं. लेझर झालेल्या कॉर्नियाचा मधला भाग सपाट होतो आणि यंत्राने काढलेल्या नकाशात तो स्पष्ट उमटतो.

मग आम्ही कागद घेऊन बसतो. रेल्वेत बी आणि सी श्रेणीची पदं आहेत, त्यांत चष्मा चालतो. सी-१ ला एका डोळ्याला ६/१२, दुसऱ्याला ६/१८, चष्म्यासह किंवा चष्म्याशिवाय. बी-१ ला ६/९ आणि ६/१२, चष्म्यासह चालतं. त्याला चष्मा घालून दोन्ही डोळ्यांनी ६/६ वाचता येतं, म्हणजे त्याच्यासमोर बरीच पदं मोकळी आहेत. सैन्याचे नियम आणखी वेगळे. अधिकारी पदांसाठी लेझर चालतं तिथेही शस्त्रक्रियेच्या वेळचं वय, नंतर गेलेला काळ, उरलेली जाडी, डोळ्याची लांबी हे सगळं पाहतात. म्हणून भरतीच्या प्रत्येक मुलाला मी एकच सांगतो: आधी जाहिरात वाच, मग डॉक्टरकडे जा.

तो जाताना म्हणतो, "बाबांले तुमीच सांगा काका." सांगेन. संध्याकाळी फोन करायचं डायरीत लिहून ठेवतो.

दुपारी १२.३०

उन्हातून एक आजोबा येतात. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू बॅटरीच्या उजेडातही दिसतो. "लेझरनं काढाचा आहे, टाके नाही पायजे," ते ठासून सांगतात.

लेझर हा शब्द गावात कुठल्याही चांगल्या ऑपरेशनला लागतो. बिनटाक्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सहसा लेझरने होत नाही. फेको पद्धतीत ध्वनिलहरींच्या कंपनाने आतलं धूसर भिंग फोडून ओढून घेतात. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी दंतवैद्याकडचं दात साफ करायचं कंपनयंत्र पाहून १९६७ मध्ये ती सुरू केली. शिबिरांत होणारं छोट्या छेदाचं ऑपरेशन तर कुशल हाताने होतं, तेही बिनटाक्याचं. दोन्हींत कृत्रिम भिंग बसतं आणि नजर येते. आजोबांना मी सांगतो की लेझर शोधत वर्ष घालवू नका, पिकलेला मोतीबिंदू थांबत नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्र विभागाचा दिवस कोणता ते कागदावर लिहून देतो.

मधुमेहाचे रुग्ण याच्या उलट चुकतात. त्यांना डॉक्टरांनी खरोखरचा लेझर सांगितलेला असतो, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनावरच्या, गळक्या रक्तवाहिन्यांसाठी. "दोन वेळा मारला, चष्मा तं गेलाच नाही," म्हणत ते पुढचा फेरा टाळतात. तो लेझर उरलेली नजर राखण्यासाठी असतो. चष्म्याशी त्याचा संबंध नाही. हा एवढा फरक वेळेवर कळला तर डोळा वाचतो.

दुपारी २.३०

मिरचीचा हंगाम जोरात आहे. सातऱ्यावर, म्हणजे मिरच्यांचे देठ काढायच्या जागी, दिवसभर देठ खुडणाऱ्या तीन बाया जेवणाच्या सुट्टीत येतात. पदराला, हातांना, केसांना तिखटाचा वास. दुकानात त्या बसल्या की मलाही ठसका लागतो.

"जवळचं दिसत नाही जी. लेझर मारून होते काय?" त्यातल्या वयस्क मावशी विचारतात.

चाळिशीनंतर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग कडक होत जातं, जवळचं पाहताना त्याला फुगता येत नाही. नंबर घालवणारा लेझर कॉर्नियावर चालतो, हा बदल आत भिंगात होतो. म्हणून पंचविशीत लेझर करून दूरचा चष्मा घालवलेल्या माणसालाही चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतो. हे आधी सांगितलं नाही तर पुढे माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

मावशींना अधिक दीडचा चष्मा लावून मी हातात एक सुकी मिरची देतो. त्या देठाच्या बुडाशी नख लावतात, बरोबर तिथेच. "दिसते व माय," म्हणून शेजारणीकडे वळतात. या एका चष्म्याने त्यांचं काम सुधारेल आणि दिवसाअखेर डोकं दुखणार नाही. डोळ्यांत तिखट गेलं तर चोळू नका, भरपूर साध्या पाण्याने धुवा, हे तिघींना बजावतो.

त्यातल्या धाकटीला नंबर उणे तीन आहे आणि लेझरची इच्छा आहे. तिला मी हंगामानंतर ये म्हणतो. लेझरनंतरचे पहिले आठवडे डोळ्यांत नळाचं पाणी, धूळ, साबण जाऊ द्यायचा नसतो, रात्री ढाल लावून झोपायचं असतं. मिरचीच्या ढिगाशी बसून ते साधणार नाही. वर होळी आठ दिवसांवर. रंगाचा एक फुगा डोळ्यावर बसला तर पापुद्रा सरकू शकतो. शिवाय तिचं बाळ अंगावर पितं आहे. गरोदरपणात आणि दूध पाजण्याच्या काळात नंबर हलता असतो, तेव्हा लेझर करत नाहीत.

दुपारी ४.३०

शाळा सुटल्यावर एक बाप आठवीतल्या मुलाला घेऊन येतो. मुलगा सारखे डोळे चोळतो, मुठी वळून, बोटांच्या सांध्यांनी. मी त्याला ऑटोरेफवर, म्हणजे नंबर काढायच्या यंत्रावर, बसवण्याआधी दिवा मालवतो आणि रेटिनोस्कोप हातात घेतो.

याला कारण आहे, आणि ते सांगायला मला जड जातं. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे यायचा. दर सहा महिन्यांनी त्याचा सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईमुळे येणारा नंबर, वाढे. एक, मग दोन, मग साडेतीन. मी दर वेळी नवा चष्मा करून देत गेलो. नंबर वाढतोय तर चष्मा बदलायचा, इतकंच माझ्या डोक्यात होतं. शेवटी चष्म्यानेही दिसेना तेव्हा तो नागपूरला गेला आणि केराटोकोनस निघाला. यात कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. एका डोळ्यावर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार वेळेवर झाला. दुसऱ्याला आज कडक लेन्सशिवाय तक्त्यावरची मोठी अक्षरंही दिसत नाहीत. सहा महिने, वर्ष आधी मी पाठवलं असतं तर तोही डोळा वाचण्याची शक्यता होती.

तेव्हापासून वाढत्या सिलिंडरच्या प्रत्येक मुलाचा डोळा मी अंधारात पाहतो. रेटिनोस्कोपचा उजेड बाहुलीवरून फिरवला की निरोगी डोळ्यात तांबूस पट्टा एकसंध सरकतो. केराटोकोनसच्या डोळ्यात तो मधून फाटल्यासारखा दिसतो आणि कात्रीची पाती उघडावीत-मिटावीत तशा दोन छाया हलतात. आज या मुलाच्या डोळ्यात पट्टा एकसंध आहे. मी श्वास सोडतो. तरीही बापाला सांगतो: ॲलर्जीसाठी डॉक्टरांना दाखवा, चोळणं बंद करा, सहा महिन्यांनी परत आणा.

लेझरपूर्व तपासणीत कॉर्नियाचा नकाशा काढतात तो याच आजारासाठी. ज्याला हा आजार सुरू होतो आहे, पण अजून कळलेला नाही, अशा डोळ्यावर लेझर झाला तर कॉर्निया आणखी खचतो. नकाशा न काढता कुणी तारीख देत असेल, तर तिथून उठून यावं.

संध्याकाळी ७.००

माय-लेकी परततात. मुलीच्या बाहुल्या अजून मोठ्या आहेत, दुकानातल्या ट्यूबलाइटकडे तिला बघवत नाही. रिपोर्ट पाहायचा म्हणून ती चष्मा काढते आणि कागद अगदी तोंडाजवळ नेते. तिला तिथे थेंब असतानाही वाचता येतं. उणे साडेसात म्हणजे हेच. तिच्या डोळ्याची स्वच्छ दृष्टी नाकासमोर १३ सेंटिमीटरवर संपते, त्यापुढचं जग चष्म्याने तिच्यापर्यंत आणायचं.

"लेझर नाही म्हणाले, काका."

रिपोर्टवर कॉर्नियाची जाडी आहे: उजवा ४७८ मायक्रॉन, डावा ४८१. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण ५४० च्या आसपास असते. मी कोरा कागद घेतो. सहा मिलिमीटर रुंदीचा भाग घडवायचा तर एका नंबराला सुमारे १२ मायक्रॉन जातात. साडेसातला ९०. लॅसिकचा पापुद्रा ११०. झाले २००. ४७८ मधून २०० गेले, उरले २७८. सर्जन खाली निदान ३०० उरावेत असं बघतात. जाडीचा ४० टक्क्यांहून जास्त भाग कामी आला तरी ते थबकतात, इथे जवळपास ४२ होतो. स्माइललाही जाडी लागतेच. पीआरकेत पापुद्रा वाचतो, पण इतक्या मोठ्या नंबराला कॉर्नियावर धूसरपणा राहण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरांनी तिन्हींना नाही म्हटलं. हवं तर आयसीएलचा विचार करा, घाई नाही, असं सांगितलं. त्याचा खर्च लॅसिकपेक्षा बराच जास्त.

आई गप्प बसल्या आहेत. थोड्या वेळाने म्हणतात, "लगन जुळवाचं होतं जी. पाव्हणे चष्मा पायतेत."

मी त्यांना मनापासून जे वाटतं ते सांगतो. ज्या डॉक्टरांनी आज नाही म्हटलं, त्यांनी तुमच्या मुलीवर उपकार केले. हो म्हणणं त्यांना सोपं होतं, पैसेही मिळाले असते. चष्मा पाहून जो पाहुणा उठून जाईल, त्याच्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या या पडद्यातले २०० मायक्रॉन देऊ नका.

रिपोर्टवर आणखी एक ओळ आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, कडेला एक जागा विरळ आहे, दर वर्षी तपासणी करावी. डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो एका मिलिमीटरने लांबला की नंबर अडीच ते तीनने चढतो आणि आतला पडदा तितका ताणला जातो. लेझर, स्माइल, आयसीएल, काहीही केलं तरी डोळा लांबच राहतो आणि पडदा ताणलेलाच. चष्मा गेला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून तिला तीन खुणा पाठ करायला लावतो: डोळ्यापुढे विजा चमकल्या, अचानक काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी नागपूर गाठायचं.

मग ती नव्या फ्रेमी बघत बसते. मोठ्या नंबराला लहान, गोलसर फ्रेम आणि १.६७ चं पातळ भिंग घ्यावं, कड कमी जाड दिसते. ती एक निवडते. आईला दाखवते. आई मान हलवतात.

रात्री ८.३०

शटर ओढण्याआधी सकाळच्या मुलाच्या वडिलांना फोन करतो. पैसे ठेवा, मुलाला सी-१ आणि बी-१ च्या जागांची तयारी करू द्या, असं सांगतो. ते बराच वेळ ऐकून घेतात आणि "बरं झालं सांगतलं भाऊ" म्हणतात.

ज्यांचं वय अठरा उलटलं आहे, नंबर वर्षभर हललेला नाही, कॉर्निया जाड आणि नकाशा निर्दोष आहे, डोळे कोरडे नाहीत, त्यांच्यासाठी लेझर ही खरोखर चांगली सोय आहे. अशा मुलांना मी स्वतः पाठवतो आणि त्यांचा आनंद पाहतो. पण कुठला लेझर घ्यावा हा प्रश्न शेवटचा. जाडी किती, नकाशा कसा, नंबर स्थिर आहे का, पडदा तपासला का, आणि ज्या कामासाठी करतो आहोत तिथे तो चालतो का, हे पाच प्रश्न आधी विचारा. उत्तरं कागदावर घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी भिंगाचा नंबर काढायला डॉक्टर तोच मागतील.

जाण्याआधी त्या मुलीने जुन्याच चष्म्यातून तक्ता वाचून दाखवला. शेवटची ओळ, दोन्ही डोळ्यांनी, एकही अक्षर न चुकता.